हाँगकाँगचं चा चान तेंग: ह्याला 'अस्सल कँटनी' म्हणायचं का?

गवतीचहा (धागाकर्ती)

हाँगकाँगला येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. डिमसम, व्हिक्टोरिया पीक, डिस्नेलँड. त्यातला एखादा चोखंदळ असतो, तो म्हणतो, "इथली माणसं रोज काय खातात तिथे ने." मग मी त्याला चा चान तेंगमध्ये नेते आणि हमखास गोची होते. समोर वाडगा येतो, त्यात पातळ रस्सा, रश्शात मऊ मॅकरोनी आणि वर हॅमच्या बारीक पट्ट्या. बाजूला लोणी फासलेला जाड पाव, स्क्रॅम्बल्ड एग आणि जाड कडेच्या कपात तांबूस, घट्ट चहा. पाहुणा माझ्याकडे बघतो. "हे चायनीज आहे?"

हा धागा त्या प्रश्नासाठी.

चा चान तेंग म्हणजे इथल्या कामगारांचं, कारकुनांचं, शाळेतल्या पोरांचं नेहमीचं हॉटेल. सकाळी सातच्या आसपास उघडतं, रात्री उशिरापर्यंत चालतं. काचेखाली मेनू सरकवलेली टेबलं, भिंतीलगत पाठीला पाठ लावलेली बाकं, गल्ल्यावर बसलेली मालकीण. बसल्या बसल्या फिक्क्या कोऱ्या चहाचा पेला आदळला जातो. तो प्यायचा की त्यात चमचे विसळायचे, हे ज्याने त्याने ठरवायचं.

मुळाशी गेलं तर गोष्ट परवान्याची आणि पैशाची आहे. इंग्रजांच्या राज्यात साहेबी खाणं बड्या हॉटेलांत मिळायचं आणि ते सामान्य चिनी माणसाच्या खिशाला झेपणारं नव्हतं. त्याची स्वस्त नक्कल आधी 'बिंग सात' नावाच्या थंड पेयांच्या दुकानांत मिळू लागली. कॉफी, चहा, पाव, सँडविच, लाल चवळीसारख्या दाण्यांचं बर्फ घातलेलं पेय. त्यांचा परवाना मर्यादित असे, भातबीत शिजवून वाढायची सोय नसे. ज्यांनी पुढे पूर्ण परवाना काढला, स्वयंपाकघर वाढवलं आणि भात-नूडल्स सुरू केले, ती चा चान तेंग झाली.

आणि गिऱ्हाईक? १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा हाँगकाँगची वस्ती सहा लाखांच्या घरात होती. १९५०च्या सुमारास ती वीस लाखांच्या वर गेली. चीनमधल्या यादवीतून पळून आलेली माणसं होती ही, बहुतेक शेजारच्या ग्वांगदोंग प्रांतातली (कँटनी म्हणतात ते ह्या भागातलं). डोंगरउतारांवर झोपड्या पडल्या. १९५३ सालच्या ऐन नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली आणि पन्नास हजारांहून जास्त लोक उघड्यावर आले. त्यानंतर सरकारी चाळी उभ्या राहायला लागल्या. एका खोलीत आख्खं कुटुंब, आई-बाप दोघंही कारखान्यात. घरी रांधायला जागा नाही आणि वेळही नाही. अशा लोकांना झटपट, गरम आणि पोटभर खाणं हवं होतं.

त्यामुळे हे जेवण ग्वांगझौच्या (त्या प्रांताची राजधानी, जुनं कँटन) कुठल्या जुन्या घराण्याचं नाही. पण हाँगकाँगचा माणूस टोरांटोत किंवा लंडनमध्ये आजारी पडला की त्याला ह्याच मॅकरोनीची आठवण येते. मग ह्याला अस्सल म्हणायचं की नाही? तुमची मतं येऊ द्या.

नाना_हडपसर

चांगला लेख, पण मला पटला नाही. अस्सल कँटनी जेवण म्हणजे जुक (तांदळाची पेज हो), वाफवलेला मासा, भाजलेलं बदक, हिवाळ्यात कोळशावर मातीच्या भांड्यात शिजवलेला भात. डबाबंद मांस, मॅकरोनी आणि हॉर्लिक्स हा गरिबीतला नाइलाज. नाइलाजाला परंपरा कधीपासून म्हणायला लागलो आपण?

खमंग

नाना, वडापाव कुठून आला मग? बटाटा पोर्तुगीजांचा, पावही त्यांचाच.

नाना_हडपसर

आला वडापाव. प्रत्येक धाग्यावर पाचव्या प्रतिसादाच्या आत येतोच. त्यात निदान चटणी तरी आपली आहे.

गवतीचहा

नाना, जुकबद्दल तुमच्याशी वाद नाही. माझ्या इमारतीखाली जुकचं दुकान आहे आणि मी तिथली पक्की गिऱ्हाईक आहे. शीत विरघळेपर्यंत शिजवलेली पेज, त्यात मुरवलेलं काळं अंडं आणि डुकराच्या मांसाचे पातळ काप, वर आलं आणि कांद्याची पात, बुडवून खायला तळलेल्या पिठाची लांब कुरकुरीत कांडी. उत्तमच असतं.

पण ते जुक ग्वांगझौमध्येही मिळतं, मकावमध्येही मिळतं आणि थोड्या फरकाने तसंच लागतं. सेंट्रल भागातलं लिन हेउंग हे जुनं चहाघर बघा. त्याचं मूळ ग्वांगझौचं, १८८९ सालचं. तिथे मिळणारी कमळबियांची भरड भरलेली पावं, डिमसम हे सगळं त्या शहरातून इथे आलं. म्हणजे ते कँटनी आहेच, पण ते सगळ्या प्रांताचं आहे. चा चान तेंग मात्र हाँगकाँगमध्येच घडलं आणि इथून बाहेर गेलं. माझा मुद्दा हा आहे.

आणि नाइलाज म्हणालात ते खरंच आहे. मॅकरोनी इटालियन माणसाला चालणार नाही इतकी मऊ शिजवतात, मग पाण्याखाली धुऊन तिचा चिकटपणा घालवतात आणि वाढायच्या वेळी रश्शात सोडतात. नूडल्सच्या सुपाची सवय असलेल्या तोंडाला ती तशीच हवी असते. साहेबाचा जिन्नस कँटनी हाताने शिजवला की हे असं होतं.

कटिंगवाला

त्या चहाबद्दल लिहा हो! तो मोज्यातून गाळतात म्हणे?

गवतीचहा

मोज्यातून नाही, तेवढं एक डोक्यातून काढा. लोखंडी कड्याला अडकवलेली लांब सुती पिशवी असते. चहाचा अर्क बसून बसून ती तपकिरी होते आणि लांबून बायकांच्या पायमोज्यासारखी दिसते. त्यावरून 'रेशमी मोज्यांचा चहा' असं नाव पडलं. सेंट्रलच्या गेज स्ट्रीटवरचं लान फोंग युन १९५२ पासून हा चहा करतंय आणि पहिला मान आपला असं सांगतं.

करायची तऱ्हा अशी. सिलोनच्या चहाच्या वेगवेगळ्या प्रतींचं मिश्रण. भरड पान वासाला, बारीक भुकटी रंगाला आणि कडकपणाला. प्रमाण कुणी कुणाला सांगत नाही. पिशवीत चहा, त्यावर उकळतं पाणी, मग मंद आचेवर थोडा मुरवायचा. त्यानंतर एका भांड्यातून पिशवीसकट दुसऱ्या भांड्यात, तिथून परत पहिल्यात, असा उंचावरून चार-सहा वेळा ओततात. ह्याने चहा कडू न होता दाट लागतो, असं करणारे सांगतात. कपात आधी डब्यातलं आटवलेलं दूध (बिनसाखरेचं, कंडेन्स्ड नव्हे) आणि वरून जोरात चहा. ढवळावं लागत नाही. साखर ज्याची त्याने घालायची.

हा चहा करण्याचं कसब २०१४ साली हाँगकाँग सरकारच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं आणि २०१७ सालच्या निवडक २० गोष्टींच्या यादीतही ते आहे. कँटनी ऑपेराच्या पंक्तीला एक कप चहा बसलाय, नाना!

कटिंगवाला

दूध उकळतच नाहीत? मग तो चहा कसला. आणि ताजं दूध का नाही?

गवतीचहा

ह्या बेटांवर गाईगुरं चारायला जागा कुठे होती? घराघरात फ्रिज नव्हते, उन्हाळा दमट. डबा महिनोन्महिने टिकायचा आणि स्वस्त पडायचा. आता ताजं दूध हवं तेवढं मिळतं, पण ते घातलं तर चहा पाणचट लागतो अशी तक्रार येते. काळ्या-पांढऱ्या गाईचं चित्र असलेला डच ब्रँडचा डबा इतका रूढ आहे की कपांवरसुद्धा तीच गाय असते.

तुम्हाला कडक हवा असेल तर 'युन्यंग' मागवा. चहा आणि कॉफी एकाच कपात. पहिला घोट घेऊन तोंड वाकडं कराल, पण आवडला तर सुटणार नाही.

डेक_कॅडेट

आमच्या जहाजाची हाँगकाँगला फेरी असायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोदीजवळ एक असंच हॉटेल होतं, नाव चिनीत होतं त्यामुळे ते आमच्यासाठी कायम 'हिरव्या फरशीवाला' राहिलं. दुपारी सव्वातीनला आख्खी गोदी तिथे लोटायची. मुकादम, हमाल, वेल्डर, सगळे. पावाचा जाड तुकडा भाजून वर लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क, सोबत चहा. वीस मिनिटांत सगळे गायब. वेटरशी बोलायचं नाही, तो बोलायचा. एकदा आमच्या सेकंड इंजिनियरने मेनू परत मागितला तर वेटर त्याची ऑर्डर स्वतःच ठरवून निघून गेला. जे आलं ते निमूटपणे खाल्लं, आणि चांगलं होतं.

गवतीचहा

सव्वातीन! ती वेळ अजून पाळली जाते. बांधकाम कामगारांची दुपारची सुट्टी तेव्हा असायची. त्यावरूनच दुपारचा स्वस्त 'टी सेट' निघाला, अडीच ते साडेपाचच्या दरम्यान. आता त्या वेळेला निवृत्त आजोबा आणि शाळा सुटलेली पोरं दिसतात.

वेटरांच्या तुसडेपणाची तर ख्यातीच आहे. जॉर्डन भागातलं ऑस्ट्रेलिया डेअरी कंपनी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. बसायच्या आत "काय हवं?", आणि शेवटचा घास तोंडात असताना बिल. पण तिथलं स्क्रॅम्बल्ड एग आणि वाफवलेल्या दुधाचं पुडिंग खायला लोक रस्त्यावर रांग लावतात.

ताडवाडीकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. मुंबईत कँटनी लोकांचा माग काढायचा असेल तर माझगावला या. डॉकयार्ड रोडच्या बाजूला एका साध्या घराच्या वरच्या मजल्यावर 'सी यप कून' नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. सी यप म्हणजे ग्वांगदोंगमधले चार तालुके. तिथले खलाशी, सुतार, बंदरावर काम करणारे इथे येऊन राहिले. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते देऊळ ठाऊक नाही. चिनी नववर्षाला मात्र लाल कंदील लागतात.

पण त्यांच्या घरातली पेज आणि वाफवलेला मासा आपल्या हॉटेलांत कधी आलाच नाही. आपल्याला मिळालं ते मंचुरियन, आणि तेही १९७५ मध्ये क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग ह्यांनी कोथिंबीर-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस घालून केलेलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मुंबईच्या तोंडाला तेच रुचलं.

नाना_हडपसर

बघा, ताडवाडीकरांनी माझाच मुद्दा मांडला. मंचुरियनला कुणी 'कँटनी वारसा' म्हणत नाही. मग मॅकरोनीला का म्हणायचं?

ताडवाडीकर

नाना, मंचुरियनला आम्ही 'मुंबईचं' म्हणतो की. गवतीचहाताई तेच म्हणतायत, हाँगकाँगचं.

खमंग

मला हे सगळं आपल्या इराण्यासारखं वाटतंय. तीच काचेची टेबलं, तोच मस्का पाव, तेच खेकसणं, तीच 'बंद पडणार' म्हणून रडारड.

गवतीचहा

वाटतं खरं, पण एक फरक आहे. इराणी बाहेरून आला आणि त्याने मुंबईला आपलं खाणं दिलं. इथे उलटं आहे. इथल्याच निर्वासितांनी साहेबाच्या टेबलावरचं बघून आपल्या पैशात बसेल असं करून घेतलं. बोर्श सूप बघा. ते रशियन, पण बीटऐवजी टोमॅटो आणि कोबी. क्रांतीनंतर पळालेले रशियन शांघायला आले, शांघायचे आचारी पुढे इथे आले. साते बीफ नूडल्स आग्नेय आशियातून. अंडा टार्ट तर शेवटचा गव्हर्नर क्रिस पॅटनसुद्धा सेंट्रलच्या ताय चोंग बेकरीतून आवडीने खायचा.

आणि पारशी दुवा हवाच असेल तर इथे खराखुरा आहे. बंदरातली प्रसिद्ध स्टार फेरी ज्याने सुरू केली तो दोराबजी नवरोजी मुंबईकडून आलेला पारशी. बेकरी आणि हॉटेलांचा धंदा करता करता १८८८ मध्ये त्याने फेरीची कंपनी काढली. त्या फेरीचा जुना धक्का डिसेंबर २००६ मध्ये पाडला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. 'आपलं काय काय जातंय' ही चर्चा हाँगकाँगमध्ये तेव्हा पेटली. पुढच्याच वर्षी चोय सो-युक ह्या लोकप्रतिनिधीने चा चान तेंग युनेस्कोच्या अमूर्त वारशात घ्या अशी मागणी केली. त्याआधी कुणाला हे हॉटेल म्हणजे काही जपायची चीज आहे असं वाटत नव्हतं, ते नुसतं कोपऱ्यावर असायचं.

रेडिंगकर

इंग्लंडमधून लिहितोय. २०२१ च्या जानेवारीत ब्रिटनने हाँगकाँगच्या लोकांसाठी वेगळा व्हिसा काढला, तेव्हापासून आमच्याकडे आणि मँचेस्टरकडे त्यांची वस्ती भराभर वाढली. पाठोपाठ चा चान तेंगही आली. माझ्या ऑफिसातला एक हाँगकाँगवाला शनिवारी मुलांना घेऊन पाऊण तास गाडी चालवत जातो. मी विचारलं, डिमसम तर गावातच मिळतं की. म्हणाला, डिमसम चिनी लोकांचं, हे आमचं.

किंमत मात्र ऐकू नका. तिथल्या तिप्पट.

अर्धाकप

पिवळी आणि निळी हॉटेलं हा विषय कुणीच काढला नाही? २०१९ मध्ये लोकशाहीवादी आंदोलनाच्या बाजूची ती पिवळी आणि सरकारच्या बाजूची ती निळी. लोक नकाशे बघून जेवायला जायचे. 'स्थानिक ओळख' म्हणताय तर हे टाळून कसं चालेल?

संपादक

अर्धाकप, मुद्दा विषयाला धरून आहे म्हणून ठेवत आहोत. मात्र ह्यापुढे चीन-अमेरिका-मोदी सुरू झालं तर प्रतिसाद उडवले जातील.

गवतीचहा

अर्धाकप, खरं आहे. तेव्हा रांग कुठे लागली आहे ह्यावरून गल्लीचं मत कळायचं. आता उघडपणे ते दिसत नाही आणि मी इथे त्यावर जास्त लिहिणार नाही.

कोविडमधलं एक सांगते. २९ जुलै २०२० ला हॉटेलात बसून खायला दिवसभर बंदी घातली. त्याच दिवशी पाऊस. बांधकाम कामगार, सफाई कामगार फुटपाथवर, जिन्यांत, छत्रीखाली डबे घेऊन बसलेले फोटो सगळीकडे फिरले. सरकारला दोन दिवसांत दिवसाची बंदी मागे घ्यावी लागली. ज्यांना दुपारी टेकायला दुसरी जागाच नाही अशी किती माणसं ह्या शहरात आहेत, ते त्या दिवशी वातानुकूलित ऑफिसवाल्यांना दिसलं. चा चान तेंगचं काम नुसतं जेवू घालण्याचं नाही, टेकू देण्याचंही आहे. मोठी माणसं घरात जागा नाही म्हणून तिथे पेपर वाचत बसतात.

खमंग

मग बंद का पडतायत?

गवतीचहा

पहिलं कारण भाडं. करार संपला की मालक आकडा सांगतो, आणि ४०-५० हाँगकाँग डॉलरच्या नाश्त्यावर (एक डॉलर धरा ११ रुपये) तो आकडा निघत नाही. दुसरं, माणसं. पहाटे चारला उठून पाव भाजायला पुढची पिढी तयार नाही, आणि का असावी? मुलांना शिकवून बँकेत पाठवायचं म्हणूनच तर बापाने हॉटेल चालवलं. तिसरं नवीन आहे. २०२३ मध्ये सीमा पूर्ण उघडल्यापासून लोक शनिवार-रविवारी ट्रेनने पलीकडच्या चिनी शहरात, शेनझेनला, जाऊन निम्म्या पैशात जेवून येतात.

आणि एक गंमत. याउ मा तेईमध्ये टेंपल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मिदो कॅफे आहे, १९५० सालचं. दोन मजली, रंगीत फरशा, वरच्या खिडक्यांतून समोरचं तिन हाउचं देऊळ दिसतं. जुलै २०२२ मध्ये बंद झालं तेव्हा मोबाइल घेऊन फोटो काढणाऱ्यांची झुंबड. इतकी वर्षं कुठे होते हे सगळे? नंतर ते पुन्हा उघडलं. लिन हेउंगही २०२२ मध्ये मिटलं आणि दोन वर्षांनी परत सुरू झालं. आता मॉलमध्ये जुन्या फरशा आणि जुने पंखे लावून 'बिंग सात'च्या साखळ्या निघाल्यात. दिसायला हुबेहूब, पण तिथे वेटर हसून बोलतो. मला काही तिथे जेवण जात नाही.

नाना_हडपसर

हे मात्र पटलं. म्हणजे फरशी आणि पंखा ही ओळख नव्हे.

गवतीचहा

नव्हेच. सरकारी चाळीखालच्या ट्यूबलाइटच्या उजेडातल्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चा चान तेंगला जा. फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण वेटर आजीला बघूनच चहाऐवजी गरम पाणी आणि अर्धा भात सांगतो, कारण तिला साखर आहे. सकाळच्या गर्दीत तो चिठ्ठीवर नुसतं शून्य आणि पुढे टी लिहितो, आणि आतल्याला लिंबाचा चहा कळतो. नेहमीच्या सेटमधले नूडल्स बदलून 'देमाए इच्चो' ही जपानी पाकिटवाली हवी असतील तर दोन-चार डॉलर जास्त, आणि तो फरक शाळकरी पोरांना चवीवरून कळतो. थंड पेयाला गरमपेक्षा दोन-तीन डॉलर जास्त का, ह्यावर दर उन्हाळ्यात वाद होतो आणि दर उन्हाळ्यात लोक ते पैसे देतात.

भेंडीभरली

सगळं वाचून भूक लागली, पण आम्ही शाकाहारी. अंडं चालतं. उपाशी मरू का?

गवतीचहा

अंडं चालतं ना, मग नाश्ता सुटला. फ्रेंच टोस्ट मागवा. दोन पावांत पीनट बटर, अंड्यात बुडवून तळलेला, वर लोण्याचा चौकोन आणि पाक. अंडा सँडविच, कंडेन्स्ड मिल्कचा टोस्ट, लाल दाण्यांचं बर्फाचं पेय, दुधाचा चहा, सगळं चालेल. अननस पाव म्हणतात त्यात अननस नसतो, वर साखरेची भेगाळलेली खपली असते आणि मधे थंड लोण्याचा तुकडा सरकवून देतात. पण त्याच्या खपलीत आणि अंडा टार्टच्या पारीत पूर्वापार डुकराची चरबी घालतात. काही बेकऱ्या आता लोणी वापरतात, तरी कडक पाळत असाल तर सोडून द्या. मॅकरोनीचा रस्सा नक्कीच मांसाचा. जेवणाला मात्र बौद्ध पद्धतीचं शाकाहारी हॉटेल गाठा, ते वेगळं असतं आणि छान असतं.

भेंडीभरली

धन्यवाद! आणि टीप किती द्यायची?

गवतीचहा

कुणी देत नाही. टेबलावरची चिठ्ठी उचलायची आणि गल्ल्यावर पैसे द्यायचे. गर्दीत अनोळखी माणसाच्या समोर बसवतील, त्याला काही बोलायचं नाही.

नाना_हडपसर

जानेवारीत मुलाकडे येतोय. जुक आधी, तुमची मॅकरोनी नंतर. मग बोलू.

गवतीचहा

या की. माझ्याकडे दोन्ही दुकानं एकाच रस्त्यावर आहेत. सकाळी साडेसातच्या आत पोचा, त्यानंतर जुकवाल्याकडे कांडी संपते. आणि रोख आणा, कार्ड दोघंही घेत नाहीत.